काढलेले फोटो

टॅबच्या पडद्यावर लिहिलं होतं, 'इथे अजून एकही फोटो नाही.' मला पहिल्यांदा राग आला तो त्यातल्या 'अजून' या शब्दाचा. पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत मी बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासते आहे, त्यामुळे काहीही कोसळलं तरी माझं लक्ष आधी शब्दाकडे जातं. 'अजून' म्हणजे पुढे येतील. आई जाऊन सहा आठवडे झाले होते आणि तिच्या फोनमधून पुढे काही येणार नव्हतं. त्या ओळीच्या वर दोन डोंगर होते आणि त्यांच्या मधोमध एक हसरा सूर्य. शुक्रवार, सकाळचे साडेअकरा. टेबलावर चौथीच्या भूगोलाची प्रुफं पसरलेली. शेजारच्या टेबलावरच्या बाई पेन्सिलीला टोक करत होत्या आणि तो आवाज माझ्या दातांत शिरत होता. आईच्या जुन्या ऑफिसातल्या निवृत्त लोकांचं एक छोटं पत्रक निघतं. त्यांना तिचा फोटो हवा होता, एवढ्यासाठी मी तो टॅब घरातल्या खणातून, शब्दकोशांच्या खालून आणला होता. मी तो बंद केला, चालू केला. पुन्हा डोंगर, पुन्हा सूर्य. तिसऱ्यांदा चालू करताना लक्षात आलं की मी अंगठ्याने काच इतकी दाबते आहे की नखाखाली पांढरं पडलं आहे.

आई नकाशांच्या कार्यालयात ट्रेसर होती. दुसऱ्या कोणी पेन्सिलीत केलेल्या आराखड्यावर अर्धपारदर्शक कागद टाचायचा आणि प्रत्येक रेघ शाईने गिरवायची, हे तिचं चौतीस वर्षांचं काम. त्या ट्रेसिंगवरून अमोनियाच्या यंत्रात निळ्या प्रती निघत. तिच्या कपड्यांना तो वास असे, आणि लहानपणी मला वाटायचं की कामावरून आलेल्या सगळ्याच आयांच्या कुशीत गेलं की डोळ्यांत पाणी येतं. चुकलेली रेघ ती दाढीच्या ब्लेडने खरवडून काढी, कागदाला भोक न पाडता, श्वास रोखून. ऑफिसातली एकच वस्तू तिने घरी आणली होती, आम्ही शाळेत असतानाच, सहा इंची स्टीलची पट्टी. तिचा पहिला सेंटीमीटर घासून घासून पुसला गेला होता, शून्य दिसतच नसे. म्हणून आई सगळं एकपासून मोजायची. टोक पाचावर आलं तर लांबी चार. ती पट्टी घेऊन शाळेत गेल्यामुळे भूमितीत माझे मार्क गेले होते आणि चार वर्षांनी माझ्या धाकट्या भावाचेही. दोन्ही वेळा आई शिक्षकांनाच भेटायला निघाली होती. आम्हीच तिला आडवे झालो.

तीन वर्षांपूर्वी मी तिला फोन घेऊन दिला. मला वाटलं होतं ती फुलांचे, आकाशाचे फोटो काढेल, इतरांच्या आया काढतात तसे. तिने स्वयंपाकघराच्या भिंतीला गेलेल्या भेगेचा फोटो काढला, शेजारी पट्टी लावून. मग दर महिन्याच्या एक तारखेला त्याच भेगेचा, त्याच उंचीवरून. भेग वाढते आहे की थांबली आहे ते बघायचं होतं तिला. नंतर तिला नादच लागला. खिडकीतल्या रोपाचं पान, पट्टी. दाराखालची फट, पट्टी. मी गेले की माझ्या भांगात किती रुंदीपर्यंत पांढरं झालंय, त्याचाही पट्टी लावून. माझा भाऊ म्हणायचा, आपल्या आईने लग्नातसुद्धा बाबांना आधी मोजून घेतलं असेल. आई त्याला ठिपका म्हणते. जन्मला तेव्हा इतका लहान होता की आराखड्यावर शाईचा थेंब पडावा तसा दिसत होता, असं तिचं म्हणणं. आज तो बेचाळीस वर्षांचा आहे, लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, दारातून आत येताना वाकतो, आणि ठिपकाच आहे. म्हणते, असं मी लिहिलं. म्हणायची.

फोन दिला त्याच दिवशी मी तिच्या नावाने एक खातं उघडलं आणि तेच खातं माझ्या जुन्या टॅबवर घातलं. म्हणजे तिने तिकडे फोटो काढला की इकडे माझ्याकडे आपोआप येईल. मी तिला हे समजावत होते आणि माझा एक डोळा घड्याळाकडे होता. तिने विचारलं, "मग मूळ कुठलं?" मी म्हटलं, मूळ असं काही नसतं, आई. ती म्हणाली, असं कसं, ट्रेसिंग एक असतं आणि त्याच्या प्रती निघतात. ट्रेसिंग फाटलं तरी वाटलेल्या प्रती ज्याच्या त्याच्याकडे राहतात. फोनमधला मूळ की तुझ्याकडचा मूळ? मी म्हटलं, सगळीकडे एकच आहे, तू काळजी करू नकोस, काही हरवत नाही. हे वाक्य मी ज्या सुरात म्हटलं तो मला आठवतो. मोठ्या माणसांना नवं काही शिकवताना आपण एक सूर लावतो, दार अर्धं बंद करत बोलल्यासारखा. तिने मान हलवली. तिला पटलं नव्हतं. तिला पटलं नाही की ती पट्टी बोटांत फिरवायची, आणि ती फिरवत होती.

मी ठिपक्याला फोन लावला. तो जवळच्याच एका इमारतीच्या माथ्यावर, मशीनच्या खोलीत होता. आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. मी विचारलं, आईच्या फोनमधले फोटो कुठे आहेत. पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तूच लिहिलं होतंस ना ताई, काढ म्हणून."

मी जुने मेसेज उघडले. सव्वीस दिवसांपूर्वीच्या रविवारी मी लिहिलं होतं: 'फोन नर्सबाईंना द्यायच्या आधी आईचे फोटो काढ.' आजारपणात आईकडे येणाऱ्या नर्सबाईंना आईने तो फोन कबूल केला होता. खाली त्याचं उत्तर: 'बरं.' मी काढ म्हटलं ते विहिरीतून पाणी काढावं, कपाटातून कपडे काढावेत, तशा अर्थाने. बाहेर काढ, एखाद्या डिस्कवर घे, जपून ठेव. त्याने वाचलं, डाग काढ. आणि तिसरा अर्थ, जो आईने तीन वर्षं केला, तो पुन्हा वेगळाच. एकच क्रियापद. फोटो काढतात तेही काढतात आणि पुसून टाकतात तेही काढतात, आणि मी, शब्दांवर पोट भरणारी बाई, हजारो मुलांच्या पुस्तकांतली संदिग्ध वाक्यं लाल शाईने गोल करणारी, माझ्या स्वतःच्या सात शब्दांत ती फट ठेवून बसले होते. हे मला दिसत होतं आणि त्यामुळेच मी त्याच्यावर जास्त ओरडले. मी त्याला म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मेलेल्या आईचे फोटो कोणी पुसायला सांगेल का, एवढा तरी विचार करायचास. एकदा उलट विचारायला तुझ्या तोंडाला काय कुलूप होतं? शेजारच्या बाईंची पेन्सिल थांबली. तो म्हणाला, चुकलं. मी फोन ठेवला.

मला अजून आशा होती. ती म्हणजे त्याने फक्त फोनमधले काढले असतील, टॅबचं काहीतरी बिनसलं असेल. कचेरीच्या समोर फोनदुरुस्तीचं एक दुकान आहे, दीड माणूस उभा राहील एवढं. तिथे एक चाळिशीची बाई कपाळावर भिंग चढवून बसते. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यासमोर टॅब ठेवला आणि सगळं सांगितलं. तिने एका फोनच्या पोटातून चिमट्याने काहीतरी उचलत ऐकलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही याला पेटी समजताय. एक पेटी आईकडे, एक तुमच्याकडे. तसं नाहीये ते." खोली एकच आहे, ती म्हणाली, आणि ती ना त्यांच्या फोनमध्ये आहे ना तुमच्या टॅबमध्ये. लांब कुठेतरी कंपनीच्या यंत्रांत आहे. फोन म्हणजे त्या खोलीची एक खिडकी, टॅब म्हणजे दुसरी. कोणी आत जाऊन खुर्ची उचलली की कुठल्याही खिडकीतून बघा, खुर्ची नाही. जागा मोकळी करायचं वेगळं बटण असतं, ते दाबलं असतं तर फक्त फोनमधलं ओझं गेलं असतं आणि खोली तशीच राहिली असती. लोकांना दोन्ही सारखंच वाटतं. मी विचारलं, मग एक प्रत वेगळी कुठेच नसते? ती म्हणाली, तुम्ही वेगळी ठेवलीत तरच असते. बरोबर ठेवणं वेगळं आणि जपून ठेवणं वेगळं.

आईने हेच विचारलं होतं. मूळ कुठलं. तिने चौतीस वर्षं मूळ आणि प्रत यांच्या मधल्या फटीत बसून काढली होती. तिला तीन मिनिटांत तो धोका दिसला होता आणि मी तिला गप्प केलं होतं. त्या बाईने एका बोटाने दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि टॅब माझ्याकडे फिरवला. कचरापेटी, म्हणाली. तीस दिवस राहतात इथे, मग आपोआप जातात. तुमचं नशीब, थोडे दिवस आहेत. इथून परत आणले की दोन्ही खिडक्यांत दिसतील. आणू?

मी नको म्हटलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. चौकोनांच्या पहिल्या ओळीत मला काहीतरी दिसलं होतं. मी तिला किती झाले विचारलं, ती म्हणाली, बोट फिरवायचे काय घ्यायचे.

दुकानाच्या बाजूला बसथांब्याचं एक बाक आहे. तिथे बसून मी बघू लागले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत शिल्लक दिवस लिहिलेले होते. खाली खाली, कितीतरी खालपर्यंत, सगळ्यांवर 'पाच दिवस शिल्लक'. भेगा, पानं, दाराची फट, माझा भांग, पट्टी, पट्टी, पट्टी. दोन हजारांहून जास्त. पण अगदी वरच्या ओळींत अकरा फोटो होते आणि त्या अकरांवर 'तीन दिवस शिल्लक' होतं. ते आईच्या गळ्याचे होते. हनुवटीच्या खाली, डावीकडे. हात लांब करून काढलेले, त्यामुळे तिचं तोंड फक्त ओठांपर्यंत आलेलं, आणि ओठ घट्ट मिटलेले, ब्लेडने शाई खरवडताना मिटायची तसे. गळ्याला आडवी टेकलेली पट्टी. पहिल्या फोटोत काहीच नाही, म्हणजे कोणी दाखवलं नाही तर काहीच नाही. दुसऱ्यात कातडीखाली वाटाणा असावा तसं. प्रत्येक फोटोवर तारीख, एक, एक, एक, एक. भेगेबरोबरच ती गाठही मोजत होती. अकरा महिने.

आणि मग मला तिचा आवाज ऐकू आला, फोनवरचा. त्या वर्षात दर महिन्याच्या सुरुवातीला तिचा फोन यायचा, आणि इकडचं तिकडचं झालं की ती विचारायची, "फोटो येतात ना गं तुझ्याकडे?" मी म्हणायचे, येतात आई, आपोआप येतात. ती म्हणायची, बरं. आणि थांबायची. थोडी जास्तच थांबायची. मला वाटायचं तिला बोलायला विषय उरला नाही. मी म्हणायचे, चल, ठेवते, प्रुफं पडली आहेत. येतच होते ते फोटो. एकही चुकला नव्हता. टॅब शब्दकोशांखाली होता, आणि भेगेच्या फोटोंची दर वेळी टुणकन सूचना येते म्हणून पहिल्याच महिन्यात मी त्याचा आवाज बंद करून टाकला होता.

तोंडाने का नाही बोलली? त्या बाकावर बसून मला तिचा इतका राग आला की माझे कान तापले. आई, तुला जीभ होती. तू बाबांना बोलत होतीस, शिक्षकांना बोलायला निघत होतीस, भाजीवाल्याला ग्रॅमवरून बोलत होतीस. माझा गळा दुखतोय हे तीन शब्द नव्हते तुझ्याकडे? पण मला उत्तर माहीत होतं. लहानपणी सुट्टीत मी तिच्या ऑफिसात जाऊन बसायचे. ट्रेसिंग झालं की ती उठून साहेबांच्या मोठ्या टेबलावर ते पसरून ठेवायची, चार कोपऱ्यांवर चार वजनं, आणि काही न बोलता परत जागेवर यायची. झालं म्हणून सांगायचं नाही, बघा म्हणायचं नाही. साहेब बघतील तेव्हा बघतील आणि समासात शेरा मारतील. मी एकदा विचारलं होतं, त्यांना कळणार कसं? ती म्हणाली, समोर ठेवलंय ना. तिच्या लेखी समोर ठेवणं म्हणजे सांगणं. तिने अकरा महिने माझ्या टेबलावर तो कागद पसरला, वजनं ठेवली, आणि माझ्या शेऱ्याची वाट बघत बसली. उंच गळ्याचे कपडे घालायला लागली तेव्हा मी विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, थंडी वाजते. म्हणताना माझ्याकडे तिरकं बघत होती. मला वाटलं, वय झालं.

डॉक्टरांनी तपासून विचारलं होतं, इतके दिवस काय करत होतात. तिच्याऐवजी मीच उत्तर दिलं. तावातावाने म्हटलं, आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही. तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं. ठिपका तिच्या पलीकडे उभा होता. ती नजर मी सहा आठवडे दुखण्याच्या खात्यावर टाकत आले होते. ती दुखण्याची नव्हती. एखादा आराखडा वरून मंजूर होऊन आला आहे असं धरून चालावं आणि कळावं की तो कोणी उघडूनही पाहिलेला नाही, तशी होती. आणि तिने तोंड उघडलं नाही. मला खोटं पाडलं नाही.

माझ्या मांडीवर टॅबचा पडदा विझला. मी तो पुन्हा जागा केला आणि आकडे बघत बसले. पाच दिवस. तीन दिवस. तिसातून पाच गेले पंचवीस, म्हणजे बाकीचे सगळे सोमवारी गेले, माझ्या मेसेजच्या दुसऱ्या दिवशी. तिसातून तीन गेले सत्तावीस. अकरा फोटो शनिवारी गेले होते. मी 'काढ' असं लिहिण्याच्या एक दिवस आधी. मी दोनदा हिशेब केला, मग बोटांवर केला. शनिवारी कोणीतरी दोन हजारांतून वेचून नेमके हे अकरा काढले होते, आणि सोमवारी, हातात माझं वाक्य आल्यावर, उरलेले सगळे, म्हणजे मधे राहिलेलं भोक दिसू नये. क्रियापदाचा गोंधळ झालाच नव्हता.

मी कचेरीत परत गेले नाही. ठिपका ज्या इमारतीवर काम करत होता ती पायी वीस मिनिटांवर होती. ती वीस मिनिटं मी मनात त्याच्याशी भांडत गेले आणि प्रत्येक चौकात जिंकले. आत शिरले तर लिफ्टच्या दाराला पाटी लटकत होती, 'काम चालू आहे', त्याच्या मोठ्या बाळबोध अक्षरात. आठ मजले. तिसऱ्या मजल्यावर मी बूट काढून हातात घेतले, ते लागत होते, आणि मग तशीच चढत राहिले.

मशीनच्या खोलीत ग्रीसचा आणि तापून निवलेल्या तारांचा वास होता. ठिपका गुडघ्यांवर बसला होता. त्याच्यासमोर एक वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर मोटरचे सुटे भाग ओळीने मांडलेले, प्रत्येकाशेजारी खडूने आकडा, स्क्रू छोट्या डब्यांत, डब्यांवरही आकडे. तो असंच काम करतो. काढलेला प्रत्येक भाग परत जाणार असतो, म्हणून कुठून काढला ते आधी लिहायचं. माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या बुटांकडे बघून तो म्हणाला, "चढून आलीस? लिफ्ट बंद आहे."

"तूच केलीयेस बंद," मी म्हटलं.

मी बसले नाही. उभ्यानेच सुरू झाले, आणि सुरू झाले ते त्या शब्दावरूनच, जणू मला काही माहीत नव्हतं. मी पुन्हा म्हटलं की काढ म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्याने मराठीत मेसेज वाचू नयेत. म्हटलं, तू तुझ्या मोटरचे स्क्रू नंबर घालून ठेवतोस आणि आईचे तीन वर्षांचे फोटो उचलून फेकतोस. तो चिंध्यांनी हात पुसत ऐकत होता. एकेक बोट, मग बोटांच्या मधलं. मग म्हणाला, चुकलं माझं, ताई. लक्षात नाही आलं. बेचाळीस वर्षांत या माणसाने कधी चुकलं म्हटलेलं नाही. लहानपणी खिडकीची काच त्याच्या चेंडूने फुटली, चेंडू आत पडलेला, तरी तो संध्याकाळपर्यंत म्हणत होता की काच आधीच दुबळी होती. आज एका दिवसात दोनदा चुकलं. ते त्याच्या तोंडी नवीन बुटासारखं करकरत होतं.

"पाच सेंटीमीटर झाली होती ती गाठ," मी म्हटलं. "शेवटच्या फोटोत. पाच."

"चार," तो म्हणाला. "एकपासून मोज."

चिंधी त्याच्या हातात थांबली. मी मुद्दाम पाच म्हटलं की रागात विसरले, ते मला आजही सांगता येणार नाही. खाली कुठल्यातरी मजल्यावर कोणी लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होतं आणि इथे एक लहान लाल दिवा लागत होता, विझत होता.

मग त्याने सांगितलं, खाली बघत. डॉक्टरांकडे नेलं त्या सकाळी आईने त्याला सांगितलं होतं, तुझ्या ताईला पहिल्यापासून माहीत आहे, तिच्याकडे सगळं जातं. बघून गप्प आहे, म्हणजे तसंच काही नसेल असं मला वाटलं. हे ती तक्रार म्हणून म्हणाली नाही, तो म्हणाला. साधं म्हणाली. मी डॉक्टरांसमोर बोलले होते ते त्याने ऐकलेलं होतं, त्यामुळे मी काहीच बघितलेलं नाही हे त्याला माहीत होतं. घर आवरताना फोन उघडल्यावर मात्र आईने काय पाठवलं होतं तेही कळलं. म्हणून शनिवारी.

"आणि तू ठरवलंस," मी म्हटलं.

"मी ठरवलं."

"कोणाला विचारून?"

त्याने चिंधीची घडी घातली. मी म्हटलं, ती माझी चूक होती. माझी. ती माझ्याकडून न विचारता काढून न्यायला मी काय तुझी लिफ्ट आहे? आई न बोलता ठेवून गेली, तू न बोलता उचलून नेलंस, आणि मी मध्ये मूर्खासारखी शब्दाचा अर्थ लावत बसले. माझा आवाज त्या पत्र्याच्या खोलीत घुमून माझ्याच अंगावर येत होता.

"माझ्यावर ओरडलीस तर मला चालतं," तो म्हणाला. "स्वतःवर ओरडत बसली असतीस जन्मभर."

मला भरून वगैरे आलं नाही. मला त्याचा तो उपकार नको होता, आणि कोणीतरी आपल्यासाठी मूर्ख ठरायला तयार होतो याचा किती संताप येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी टॅब त्याच्या सुट्या भागांच्या शेजारी, वर्तमानपत्रावर ठेवला. म्हटलं, आईचा फोन कुठे आहे. त्याने अवजारांची पेटी उघडली. वरच्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेला तो फोन होता, आणि त्याच्या शेजारी पट्टी. नर्सबाईंना द्यायचाय अजून, तो पुटपुटला. सव्वीस दिवस. मी म्हटलं, चालू कर.

त्याने चालू केला. त्या पडद्यावरही तेच डोंगर होते, तोच सूर्य. मी टॅबवर आधी ते अकरा निवडले, एकेक, प्रत्येकावर बोट टेकवून, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मग बाकीचे सगळे. मग परत आणायचं बटण दाबलं. काही वेळ काहीच झालं नाही. मग टॅबवरचे डोंगर गेले, आणि थोड्या वेळाने, त्याच्या हातातल्या फोनवरचेही. भेग आली. पान आलं. एका गळ्याचा कडेचा भाग आला, घट्ट मिटलेले ओठ आले. दोन्ही पडद्यांवर, पण एकदम नाही. इथे आधी, तिथे जरा मागून. ठिपक्याने तोंड फिरवलं नाही. मी त्याच्याकडे बघत होते, फिरवलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

हे मी एका डिस्कवर वेगळे घेणार आहे, मी त्याला सांगितलं, सगळे, आणि ती डिस्क माझ्याकडे राहील. तिला कोणी हात लावायचा नाही. त्याने मान हलवली. मी बूट पायांत घालायला वाकले. पाय सुजले होते, जात नव्हते, आणि मी त्यांनाही काहीतरी बोलले.

"ताई," तो मागून म्हणाला, "रविवारी एक तारीख आहे. भेगेचा फोटो काढायचाय. या महिन्याचा राहिलाच."

"काढायचाय म्हणजे?" मी विचारलं. माझा आवाज अजून चढलेलाच होता.

त्याने माझ्याकडे बघितलं. हसला नाही. पेटीतली पट्टी उचलून त्याने ती बाहीला पुसली, आधी एक बाजू, मग दुसरी.

"पट्टी लावून," तो म्हणाला.

"एकपासून," मी म्हटलं.